तेरची माती

चैत्र वद्य त्रयोदशी ही श्रीसंत गोरोबाकाकांची पुण्यतिथी. शके १२३९ मध्ये, म्हणजे इ. स. १३१७ साली, काकांनी देह ठेवला अशी परंपरा आहे. या तिथीला धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी तेरणेच्या काठी भाविकांची दाटी होते. काळेश्वराच्या सान्निध्यातील समाधीवर माथा टेकून, प्रसाद घेऊन बहुतेक जण परतीची वाट धरतात. समाधीभोवतीचे गाव मात्र त्यांच्याकडून पाहावयाचे राहून जाते.

तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील एक फार मोठे नगर म्हणून त्याचा निर्देश आहे. येथील कापड व मलमल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जात असे. पुढे शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवीत. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेईच्या मूर्तीशी आढळते. ते पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, यावरून या व्यापाराच्या प्राचीनतेची कल्पना यावी.

गावातील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू गजपृष्ठाकार आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्य असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. हे ऐकून काही भाविकांचे मन खट्टू होते. तसे होण्याचे कारण नाही. 'चैत्य' हा शब्द 'चि' म्हणजे रचणे या धातूशी निगडित आहे. यज्ञवेदीच्या इष्टकाचयनातही तोच धातू आहे. एकाने श्रद्धेने रचले, दुसऱ्याने श्रद्धेने राखले. चैत्याचा विष्णुमंदिर झाला म्हणून त्रिविक्रमाचे पाऊल आखूड होत नाही, आणि ते मान्य केल्याने आपली भक्तीही उणी होत नाही. याच गावात महावीरांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे आणि उत्तरेश्वराचे विटांचे शिवालयही आहे. पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटा येथे आढळल्या आहेत. ज्या गावाने अशी वीट भाजली, त्याच गावात काकांनी मडकी घडविली.

तेरची खरी संपत्ती तिच्या मातीत आहे. जुन्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, खापरे वर येतात. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जिवापाड जपल्या. आज गावातील शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. एका गृहस्थाच्या निष्ठेने एवढे घडले. मग दरवर्षी येणाऱ्या हजारो भाविकांच्या हातून काय घडू नये?

परंतु महाराष्ट्रात पांढरीची माती खत म्हणून शेतात ओढण्याची चाल जुनी आहे, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या भिंतींवर सिमेंट व तैलरंग थापण्याची हौस नवी आहे. दोहोंचा परिणाम एकच, पुरावा नाहीसा होणे. खापर मूळ थरातून उचलले की ते मुके होते. कोणत्या काळाचे, कोणाच्या घरचे, हे मग कोणी सांगू शकत नाही.

काकांनी थापटणे हाती घेऊन संतांची मस्तके पारखली व नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा कीर्तनांतून सर्वांनी ऐकली आहे. तेच थापटणे आज आपल्या भक्तीवर पडले, तर कोणता नाद उमटेल? पुण्यतिथीस तेरला जाणाऱ्या प्रत्येकाने समाधीनंतर त्रिविक्रमाचे दर्शन घ्यावे, संग्रहालयात घटकाभर थांबावे, मुलाबाळांना ते दाखवावे आणि टेकाडावरील एकही खापर खिशात घालू नये. गावकऱ्यांनी डागडुजीपूर्वी पुरातत्त्व खात्याचा विचार घ्यावा. मातीला देव मानून घडविणाऱ्या संताच्या गावी मातीची राखण हीच त्याची पूजा होय.