टोगा कोणाचा?

रोमन माणूस म्हटला की आपल्यापुढे पांढऱ्या वस्त्रात लपेटलेला, एक हात उंचावून भाषण करणारा पुतळा उभा राहतो. स्नेहसंमेलनात 'ज्यूलियस सीझर'चा प्रवेश बसवताना वसतिगृहातल्या चादरी गोळा होतात, त्या याच समजुतीने. या चित्राविषयी माझी तक्रार आहे. ते खोटे नाही. पण ते आपल्या हाती दिले आहे रोममधल्या वरच्या लोकांनी. त्या वस्त्रामागे कोणाकोणाचा जीव अडकला होता, ते त्यांनी फारसे सांगितलेले नाही.

मुळात हे वस्त्र पुष्कळ रोमन लोकांना नकोसेच होते. टोगा म्हणजे अर्धवर्तुळाकार लोकरी कापड, ऑगस्टसच्या काळात पाच मीटरांहूनही लांब. आपली नऊवारी त्याहून लांब खरी. पण तिला कासोटा असतो, ती नेसून बाई दिवसभर भाताची लावणी करते. टोग्याला ना गाठ, ना टाचणी. चुण्या सावरण्यात डावा हात कायमचा गुंतलेला. हे नेसून कष्टाचे काम करता येऊ नये, हीच त्याची प्रतिष्ठा होती असे मला वाटते. कष्टकरी माणूस आपला गुडघ्यापर्यंतच्या साध्या अंगरख्यावर, म्हणजे ट्युनिकवर, दिवस काढी. फोरममध्ये टोग्याशिवाय कोणी फिरकू नये, हे पाहण्याचे काम ऑगस्टसला खास अधिकाऱ्यांवर सोपवावे लागले. पुढे ज्यूव्हेनल या उपहासकाराने तर लिहून ठेवले की, इटलीच्या बऱ्याच भागात मेल्याशिवाय कोणी टोगा नेसतच नाही!

तरीही टोगा टिकला, कारण तो वस्त्रापेक्षा दाखला अधिक होता. तो नागरिकाचा. जांभळ्या काठाचा असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा, नाहीतर वयात न आलेल्या मुलाचा. निवडणुकीला उभा राहणारा तो खडूने पांढराफेक करून घेई. 'कॅन्डिडेट' हा शब्द तेथूनच आला. कुलीन विवाहितेचे वस्त्र 'स्टोला', आणि टोगा नेसलेली बाई म्हणजे वेश्या. एकच कापड, पुरुषाच्या अंगावर मान आणि बाईच्या अंगावर बदनामी. याला संस्कृती म्हणतात.

मग गुलामांचा वेष कोणता? सेनेका सांगतो की गुलाम ओळखू यावेत म्हणून त्यांना निराळा पोशाख द्यावा, अशी सूचना एकदा सिनेटमध्ये आली होती. पण लगेच ध्यानात आले, की मग गुलाम आपल्याला मोजू लागतील. रोमविषयी मी जे काही वाचले, त्यात इतके प्रामाणिक वाक्य दुसरे नाही. पाठ्यपुस्तकात प्यूनिक युद्धांना पाने मिळतात, याला एक ओळही नाही.

आणि येथेच मला टोग्याची दुसरी बाजू दिसते. गुलामगिरीतून सुटून नागरिक झालेल्या माणसांच्या कबरींवरची शिल्पे रोममध्ये सापडली आहेत. ओळीने चेहरे, नावापुढे 'मुक्त केलेला' अशी खूण करणारे एक अक्षर, आणि अंगावर टोगा. तोही नीट, एकेक चुणी कोरून घेतलेला. जन्मतः मिळाला त्यांना तो ओझे वाटत होता. ज्यांनी तो आयुष्य खर्चून मिळवला त्यांनी तो दगडात कोरून घेतला. यांना कोणी नक्कलखोर म्हणाले तर मला राग येतो.

पण टोगा मिळाला म्हणजे माणूस आत गेला असे नव्हते. आतल्या दाराला दुसरे कुलूप होते, ग्रीक पुराणकथांचे. रोमन लोकांनी ग्रीक देव आपल्या देवांशी जुळवून घेतले; झ्यूस तो ज्युपिटर, पोसायडन तो नेपच्यून. घराच्या भिंती, पेले, शवपेट्या, सर्वत्र ग्रीक कथा. सुशिक्षिताला त्या आल्याच पाहिजेत. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये ट्रिमाल्कियो नावाचा गडगंज मुक्त गुलाम पाहुण्यांना आपले चांदीचे पेले दाखवतो आणि सगळा घोटाळा करतो. मुलांना मारले मिडियाने, तो नाव घेतो कॅसँड्राचे. आणि ट्रॉयच्या लाकडी घोड्यात डिडॅलसने नायोबीला कोंडले म्हणतो. वाचकाने हसावे अशी लेखकाची अपेक्षा. पेट्रोनियस नीरोच्या दरबारातला, त्याला हसणे परवडत होते. मला मात्र ते हसणे ओळखीचे वाटते. खेड्यातून आलेल्या मुलाने इंग्रजीच्या तासाला नायकाचे नाव चुकीचे उच्चारले की मागच्या बाकांवरून येते, ते हेच. पुस्तक त्याने वाचलेले असते, हे कोणी विचारत नाही.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत वेट्टी यांचे घर आहे. त्याचे दोघे मालक बहुधा मुक्त गुलामच होते. १८९४ ते १८९६ या काळात ते उकरले गेले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२३ साली लोकांसाठी पुन्हा उघडले. आत भिंतीवर चाकाला बांधला जाणारा इक्झायन, बैलाला बांधली जाणारी डर्सी, फाडून टाकला जाणारा पेंथ्यूस. श्रीमंती आणि बहुश्रुतपणा मिरवायला ही चित्रे काढली, असे म्हणतात. असेल. पण बांधले जाणे म्हणजे काय, हे ज्या घराला पाहुण्यांपेक्षा अधिक ठाऊक होते, त्या घराने नेमक्या याच कथा निवडाव्यात, हा नुसता दिखाऊपणा मला वाटत नाही. अर्थात हे माझे मत, पुरावा नव्हे.

या कथा रोमच्या दिवाणखान्यातच थांबल्या नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंच्या साठ्यात पोसायडनची एक लहानशी मूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पंचगंगेकाठी ज्याने ती जपून ठेवली, त्याला हा देव कोण हे सांगता आले असते की नाही, कोण जाणे. त्याची परीक्षा घ्यायला तेथे पेट्रोनियस नव्हता.