सार्वजनिक पैशाचा हिशेब मागा!



महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्यामागे जो ठराव होता, त्याचा आशय फार थोड्यांच्या लक्षात असतो. श्री. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला हा ठराव सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा होता. ज्या वस्तूला सर्वांचा पैसा लागला, तिच्यावर सर्वांचा अधिकार, हे त्याचे तत्त्व. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले.

पाणी पिण्याचा अधिकार आपण मिळविला. परंतु तळे बांधण्यास किती पैसा लागला आणि तो कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार आपण वापरतो काय?

अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथे तापी नदीवर जे धरण होत आहे, त्याचेच उदाहरण घ्या. या निम्न तापी प्रकल्पास १९९७ साली मूळ मान्यता मिळाली ती १४२ कोटी ६४ लाख रुपयांची. २०२३ साली सुधारित मान्यता मिळाली ती ४,८९० कोटी ७७ लाखांची. म्हणजे आकडा चौतीस पट झाला! ही सारी वाढ चोरीची आहे, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. भूसंपादन महागले, दरसूची बदलल्या, निधी तुटपुंजा मिळाल्याने काम रेंगाळले. परंतु दिरंगाई हीदेखील एक किंमतच आहे. आणि ती भरतो कोण? पाण्याअभावी ज्याची मजुरी बुडते, तो भूमिहीन मजूर.

धरणाचे आकडे अवाढव्य, म्हणून ते दूरचे वाटतात. आपल्या वस्तीतील गटार, रस्ता व समाजमंदिर तर दाराशीच आहेत! अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे. हा पैसा कोणाची कृपा नव्हे. या कामाचे अंदाजपत्रक असते, निविदा असते, कार्यादेश असतो, आणि झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते. त्या नोंदीवर ठेकेदाराचे देयक निघते. पुस्तिकेत सहा इंच जाडीचे काँक्रीट आणि रस्त्यावर तीन इंच असेल, तर उरलेले तीन इंच कोणी खाल्ले?

येथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. पुष्कळदा ठेकेदार परका असला की आपण ओरडतो, आणि आपल्यातलाच असला की गप्प बसतो. विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. वस्तीच्या गटारातून टक्केवारी घेणारा आपला बंधू ते शील मोडतो, आणि जाणूनबुजून मौन पाळणारे आपण त्याला साहाय्य करतो. धर्मांतराने केवळ देव्हारा बदलला, आचरण नाही, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार?

बाबासाहेबांनी १९४९ साली घटना परिषदेत महालेखापरीक्षकाचे कर्तव्य न्यायसंस्थेहूनही महत्त्वाचे मानले, ते उगाच नव्हे. आज प्रत्येक नागरिकाच्या हाती लेखापरीक्षणाचे साधन आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागदाच्या प्रतीच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. उत्तरासाठी सामान्यतः तीस दिवसांची मुदत आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी पडत नाही.

म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर एक काम करा. वस्तीतील एका कामाची निवड करा, शिकलेल्या मुला-मुलींकडून अर्ज लिहवून घ्या, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. ती हाती आली की टेप घेऊन सर्वांनी मिळून रस्ता मोजा.

जय भीम!