क्रीडांगण आणि कुटुंब : दुसऱ्या संघाचा हंगाम

वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर ज्यांची नावे झळकतात, त्यांच्याविषयी आपण सर्वजण पुष्कळ वाचतो. या वेळी मात्र वाचकांना अशा खेळाडूंची ओळख करून द्यावयाची आहे, की ज्यांचे नाव त्यांच्या गावच्या साप्ताहिकातसुद्धा क्वचितच छापून येते. हे खेळाडू म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधील हौशी रग्बी क्लबांचे दुसरे संघ होत. दूरदेशीच्या, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या खेळातील दुय्यम संघाशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की या संघापुढे दर शनिवारी जो प्रश्न असतो, तोच आपल्या गावच्या तालमीपुढे, भजनी मंडळापुढे आणि वाचनालयापुढेही असतो. तो प्रश्न म्हणजे, माणसे येतील का?

प्रथम खेळाचा थोडा परिचय करून घेऊ. वॉरिकशायर परगण्यातील रग्बी या गावच्या शाळेवरून खेळाला हे नाव पडले. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातात घेऊन धूम ठोकली व नवा खेळ जन्मास आला, अशी एक आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही. शाळेतील मुलांनी १८४५ साली खेळाचे नियम लिहून काढले, हे मात्र निश्चित. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू, चेंडू लंबगोल आणि खेळण्याचा काळ चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पुढे धावता येते. परंतु आपल्या भिडूकडे तो हाताने टाकावयाचा, तर मागच्या बाजूसच टाकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकविला, म्हणजे 'ट्राय' होतो व त्याचे पाच गुण मिळतात. चेंडू घेऊन धावणाऱ्यास धरून खाली आणण्याची मुभा असते. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील रंग चटकन उमगेल.

हा खेळ शनिवारी दुपारी का खेळतात, याचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने ब्रिटनमधील कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता संपविण्याचे बंधन घातले. हळूहळू ही अर्धी सुटी इतर कामगारांनाही मिळू लागली आणि त्या मोकळ्या दुपारी इंग्लंडच्या उत्तर भागात व वेल्सच्या कोळसा-खाणींच्या दऱ्यांत गावोगाव खेळांचे संघ उभे राहिले. खेळामुळे बुडालेल्या कामाची भरपाई खेळाडूस मिळावी की नाही, या प्रश्नावरून १८९५ साली उत्तरेकडील क्लब फुटून निघाले. उरलेल्यांनी शंभर वर्षे हौशी बाणा जपला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्यावसायिकतेला दार उघडले, आणि वरच्या थरातील खेळाडूंना रीतसर वेतन मिळू लागले. खालच्या थरातील क्लबांत मात्र खेळाडू आजही वार्षिक वर्गणी भरतो, बहुधा सामन्याचे शुल्कही देतो, आणि मळलेले कपडे घरी नेऊन धुतो.

अशा क्लबाचा पहिला संघ म्हणजे गावाची शान. दुसरा संघ म्हणजे काय, हे त्याच्या पंधराजणांकडे पाहिल्यावर कळते. त्यांत एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. पुढल्या वर्षी तो पहिल्या संघात जाईल, अशी सर्वांना आशा असते. त्याच्या शेजारी चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असतो. पहिल्या संघातून तो केव्हाच खाली आलेला असतो. कोणी गुडघ्याच्या दुखापतीतून उठून अंग अजमावून पाहत असतो. कोणी केवळ चार महिन्यांपूर्वी चेंडू प्रथमच हातात घेतलेला असतो. आणि दोघे-तिघे असे असतात, की जे वर कधी गेले नाहीत, जाणारही नाहीत, पण दहा वर्षांत एकही शनिवार चुकले नाहीत. या शेवटच्या मंडळींवरच संघ उभा असतो.

हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तेव्हा मैदान कोरडे, हवा प्रसन्न आणि खेळाडूंची संख्या गरजेपेक्षा अधिक असते. ऑक्टोबरात पाऊस लागतो. त्या महिन्याच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे घेतली जातात; दिवस लवकर मावळतो, म्हणून सामनेही लवकर सुरू करावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत मैदान कधी गोठते, तर कधी त्याचे तळे होते. चांगले मैदान पहिल्या संघासाठी राखून ठेवलेले असते. दुसऱ्या संघाच्या वाट्यास पलीकडचे, उताराचे आणि चिखलाचे मैदान येते. फेब्रुवारी हा कसोटीचा महिना. दुखापतींची यादी वाढलेली, उत्साह ओसरलेला आणि घरची कामे तुंबलेली. शेतीच्या मुलखात वसंताच्या तोंडावर मेंढ्या वितात, तेव्हा शेतकरी खेळाडू रात्री जागून काढतो. त्याने शनिवारी मैदानावर यावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? एप्रिलमध्ये हंगाम संपतो, तेव्हा गुणतक्त्यातील स्थानापेक्षा 'आपण सगळे सामने खेळलो' हेच समाधान पुष्कळदा मोठे असते.

या संघाच्या कर्णधाराची खरी झुंज मैदानावर नसते. ती शुक्रवारी संध्याकाळी घरी बसून चालू असते. मंगळवार व गुरुवार हे सामान्यतः सरावाचे दिवस. गुरुवारी रात्री संघ जाहीर होतो आणि लगेच विसकटू लागतो. पहिल्या संघातील एकाचा घोटा मुरगळतो. त्याच्या जागी दुसऱ्या संघातील उत्तम गडी वर नेला जातो. एकाला कामावर पाळी लागते, एकाच्या मेहुणीचे लग्न निघते, एकाचे मूल आजारी पडते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या शेतकऱ्याची जी अवस्था, तीच या कर्णधाराची. वरच्यांची तहान भागल्यावर जे उरेल, ते त्याचे. पूर्वी तो दूरध्वनीजवळ बसून एकेकाला हाक देई. आता भ्रमणध्वनीवर संदेश धाडतो. साधन बदलले, पण चिंता तीच राहिली.

त्यातही एक अडचण विशेष आहे. खेळात चूक घडली, की पुष्कळदा दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत खांदे गुंतवून रेटा देतात. याला 'स्क्रम' म्हणतात. पुढच्या रांगेतील तिघांच्या मानेवर व पाठीवर विलक्षण भार येतो. म्हणून त्या जागेचे शिक्षण मिळालेल्या खेळाडूलाच तेथे उभे करावे, असा नियम आहे. असे तिघे नसतील, तर स्क्रम बिनरेट्याचा होतो, आणि खेळातील निम्मी गंमत जाते. म्हणूनच पुढच्या रांगेतील पन्नाशीकडे झुकलेल्या माणसालाही दुसऱ्या संघात मोठा मान असतो. त्याचा वेग गेलेला असतो, पण त्याच्यावाचून इतर चौदाजणांना नीट खेळता येत नाही.

वाचकहो, या संघांतील एक रीत मला फार मोलाची वाटते. पाहुणा संघ तेराच माणसे घेऊन आला, तर यजमान संघ अनेकदा आपले दोन राखीव भिडू त्याला उसने देतो. ते दोघे परक्यांचा गणवेश चढवून आपल्याच मित्रांविरुद्ध जीव तोडून खेळतात. कधी दोन्ही कर्णधार संमतीने बाराबारांचा किंवा दहादहांचा सामना ठरवितात. नेमलेला पंच आला नाही, तर क्लबातील एखादा जुना खेळाडू शिट्टी हातात घेतो. सामना संपल्यावर यजमान पाहुण्यांना गरम जेवण घालतात, आणि ऐंशी मिनिटे एकमेकांना चिखलात लोळविणारी माणसे एका बाकावर बसून जेवतात. पूर्वी या स्वयंपाकघराचा भार खेळाडूंच्या माता व पत्नी यांच्यावर असे. आता पुष्कळ क्लबांत स्त्रियांचेही संघ आहेत. २०२५ साली इंग्लंडच्या स्त्रियांनी लंडनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर विश्वचषक जिंकला. त्यांतील कित्येक खेळाडूंचा पहिला चेंडू अशाच एखाद्या गावच्या मैदानावर उचललेला होता.

येथे पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. हा खेळ दांडगा आहे, आणि डोक्याला बसणारा मार ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूस तत्काळ बाहेर काढावे, आणि किमान एकवीस दिवस सामन्यात उतरू देऊ नये. त्याच वर्षी इंग्लंडमधील हौशी रग्बीत पकड छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतच करावी, असा नियम झाला. ज्या कर्णधाराला आधीच माणसे मिळत नाहीत, त्याने चक्कर आलेल्या भिडूला बाहेर बसविणे, ही त्याच्या सचोटीची खरी परीक्षा असते. आपली मुले कबड्डी खेळोत, फुटबॉल खेळोत वा कुस्ती; डोक्याला मार लागल्यावर 'काही होत नाही, ऊठ' असे म्हणण्याची आपली जुनी सवय आपणही सोडली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे क्लब एकेकाळी शनिवारी चार-चार, पाच-पाच संघ मैदानात उतरवीत, त्यांतील कित्येकांना आता दुसरा संघ उभा करतानाही सायास पडतात. शनिवारी कामाला जाणारे वाढले, तरुण शिक्षणासाठी दूर जाऊ लागले, आणि रविवारी मुलांना सांभाळणारे वडील शनिवारीही घरी हवेतच, ही अपेक्षा रास्तच आहे. पण दुसरा संघ मोडला, म्हणजे केवळ एक संघ कमी होत नाही. नवशिक्याला शिकण्याची जागा उरत नाही. दुखापतीतून उठलेल्यास परतीची वाट राहत नाही. चाळिशीचा गृहस्थ घरी बसतो, आणि त्याच्याबरोबर मैदान आखणारा, हिशेब ठेवणारा, शिट्टी फुंकणारा माणूसही जातो. मग पाच-सहा वर्षांनी पहिला संघही डळमळू लागतो, आणि लोक विचारतात, असे अचानक कसे झाले?

माणसे न मिळाल्याने क्लब कसा संपतो, याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. १८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात तेथील ब्रिटिश रहिवाशांनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूस इंग्लंडचे वीस, तर दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांचे मिळून वीस. १८७३ च्या जानेवारीत क्लब स्थापन झाला. परंतु हवा मानवेना, एक पलटण बदलून गेली, पोलोकडे ओढा वाढला, आणि पाच वर्षांतच क्लब बंद करण्याची पाळी आली. सभासदांनी शिल्लक असलेले २७० चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक सुंदर चषक घडविला व इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड याच 'कलकत्ता चषका'साठी झुंजतात. पहिला सामना एडिंबरो येथे बरोबरीत सुटला. जगात त्या चषकाची कीर्ती आहे. पण तो पाहताना हेही ध्यानात धरावे, की ती एका मोडलेल्या संघाची शेवटची शिल्लक आहे. चषक राहिला, भिडू राहिले नाहीत.

आपल्याकडे खालच्या फळीचे महत्त्व कोणी ओळखलेच नाही, असे नाही. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये नामवंतांच्या श्रेणीखाली आणखी अनेक श्रेणी आहेत. तेथे कचेरीतील कारकून आणि शाळकरी मुलगा ओल्या खेळपट्टीवर बरोबरीने खेळतात. परंतु सर्वसाधारणपणे आपल्या घरांत काय घडते? मुलाची शाळेच्या संघात निवड झाली नाही, की त्याचा खेळ तेथेच संपतो. मुलीचा खेळ त्याही आधी संपतो. वडिलांचा तर नोकरी लागल्याच दिवशी संपलेला असतो. निवड न होणे आणि खेळ सोडणे या दोन गोष्टी आपण एकच मानून बसलो आहो.

लहानपणी आपण सर्वजण खेळलो, तेव्हा असे नव्हते. धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून का होईना, पण डावात घेत असू. वाड्यातील तो नियम मोठेपणीही चालू ठेवता येण्याजोगा आहे. आपल्या वसाहतीत, कारखान्यात किंवा गावात एखादा संघ असेल, तर त्याच्या चालकांना एकदा विचारा, की ज्यांची निवड होत नाही त्यांच्यासाठी आपण काय करतो? एक मैदान, आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि दर शुक्रवारी सर्वांना हाक घालणारा एक चिकट माणूस, एवढ्या भांडवलावर दुसरा संघ उभा राहतो. घरातील मंडळींनी त्या एका दुपारपुरती मोकळीक दिली, आणि तितकीच मोकळीक घरातील स्त्रियांनाही आळीपाळीने मिळाली, तर तो टिकतोही. आपल्या गावी असा एखादा दुसरा संघ असेल, तर येत्या रविवारी मुलांना घेऊन त्याचा सामना पाहून या. प्रेक्षक थोडे असतील. आपण गेल्याने ते चार-पाचांनी वाढतील, आणि कदाचित एखादा भिडू कमी पडत असेल, तर आपल्यालाच हाक येईल.