अर्धा तास शवासनाचा

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात संध्याकाळ झाली की सरकारी क्वार्टरांमधून एकेक जण कचेरीतून परतू लागतो. घरातल्या गृहिणीचा दिवस तर तेव्हा दुसऱ्यांदा सुरू होतो. रात्री अंग पलंगावर टाकले तरी डोक्यातले हिशेब चालूच असतात : मुलांची फी, सासूबाईंचे औषध, उद्याचा डबा. शरीर आडवे होते, पण विश्रांती मिळत नाही.

विश्रांती ही शिकण्याची गोष्ट आहे आणि तिचा धडा आपल्या घरातलाच आहे. 'हठयोगप्रदीपिके'त शवासन हे थकवा घालवणारे आसन म्हणून सांगितले आहे. लोणावळ्याला 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना रोज अर्धा तास शवासन करायला लावले. त्यांचा निबंध 1969 साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. 1975 साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी रुग्णांचे दोन गट करून योग व शिथिलीकरणाचा प्रयोग केला, तेव्हाही शिकवणी मिळालेल्या गटाचा रक्तदाब अधिक उतरला.

हे आसन करायचे कसे? जमिनीवर सतरंजी घालून उताणे निजावे. पायांत थोडे अंतर ठेवावे, हात अंगापासून जरा दूर आणि तळवे वर असावेत. डोळे अलगद मिटावेत. मग पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. जबडा आणि खांदे हमखास ताठ राहतात, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

आता श्वास. पोट हलके वर येईल असा सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. सोडल्यावर क्षणभर आपोआप थांबले जाते, तेवढेच थांबावे. श्वास ओढूनताणून कोंडू नये. आत जाणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर येणारी कोमट, एवढेच पाहत राहावे. मन भाजीच्या हिशेबाकडे धावले, तर न रागावता पुन्हा नाकपुडीशी आणावे. उठताना आधी कुशीवर वळावे आणि मग हाताच्या आधाराने बसावे.

पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्यावी. दिवस भरत आलेल्या गर्भवतीने उताणे न निजता डाव्या कुशीवर हाच सराव करावा. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. पहिल्या आठवड्यात बरेचदा झोपच लागते किंवा नुसती चुळबुळ होते. म्हणून सोडून देऊ नये.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. के.ई.एम.मधल्या रुग्णांची औषधे डॉक्टरांनी रक्तदाब मोजून कमी केली होती. बरे वाटू लागले म्हणून कुणीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाब वाढलेला असूनही माणसाला बरे वाटू शकते. गोळी वेळेवर घ्यावी, शवासन रोज करावे आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तसे सांगावे.

घरातल्यांनीही एवढे करावे : आईने सतरंजी अंथरली की तो अर्धा तास तिला हाक मारू नये.