अलिबागचे मागेन अबोथ

अलिबागच्या इस्राएल आळीत 'मागेन अबोथ' हे बेने इस्राएल या ज्यू समाजाचे प्रार्थनालय आहे. या हिब्रू नावाचा अर्थ 'पूर्वजांची ढाल'. १८४८ मध्ये ते बांधले गेले आणि १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. ज्या समाजाने ते उभारले, तो मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या प्रार्थनालयाविना कोकणात नांदत होता.

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या आगमनाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. धर्मग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. वाचलेल्यांचे वंशज अलिबागभोवतीच्या कुलाबा भागात गावोगावी पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरूनच पडली. बोली मराठी झाली, स्त्रिया नऊवारी नेसू लागल्या. धर्म उरला तो घरात: मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेली मासळी वर्ज्य, ठरावीक सण आणि 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना.

अठराव्या शतकात चित्र पालटू लागले. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. पुढे कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना आणि विधी शिकवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तरी त्यांच्या शाळांतून आणि जॉन विल्सन यांच्या मराठीतील हिब्रू व्याकरणातून बेने इस्राएलांना मूळ ग्रंथांची वाट सापडली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या विधीचा ग्रंथ, हगादा, मराठी भाषांतरासह छापला गेला. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान नुकतेच इंग्रजांकडे गेले होते. अशा काळात, हगादा छापल्यानंतर दोनच वर्षांनी, अलिबागला प्रार्थनालय झाले. ग्रंथ आणि ते वाचणारे तयार झाल्यावर एकत्र जमण्यासाठी जागा हवीच होती. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, पनवेल आणि पेण येथेही प्रार्थनालये उभी राहिली.

या प्रार्थनालयांची मांडणी ठरलेली असते. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीशी 'हेखाल' हे कपाट असते. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. दालनाच्या मध्यभागी 'तेवा' हा कठड्याचा चौथरा असून तेथून हझान प्रार्थना चालवतो. हेखालसमोर दिवा तेवतो. स्त्रियांसाठी सहसा वरच्या मजल्यावर सज्जा असतो. सुंतेच्या वेळी एक खुर्ची एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषितासाठी राखलेली असते.

प्रार्थनालय झाले तरी घरातला धर्म मागे पडला नाही. नवस फेडताना किंवा मंगल प्रसंगी गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हनाबीच्या नावाने आजही करतात. अलिबागजवळ खंडाळे परिसरात 'एलियाहू हनाबीचा टापा' आहे. तिथल्या खडकावरील खुणा प्रेषिताच्या रथाच्या चाकांच्या आहेत, अशी श्रद्धा असल्याने कुटुंबे तेथे दर्शनाला जातात.

नोकरी-शिक्षणासाठी अनेक कुटुंबे आधीच मुंबईला गेली होती. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर समाजातील बहुसंख्य लोक तिकडे स्थायिक झाले. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयी, विशेषतः विवाहाबाबत, धर्मपीठाने शंका घेतल्या. आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते पूर्णपणे ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. त्या देशातही मराठी कीर्तने झाली आणि 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले.

स्थलांतराचा परिणाम कोकणातल्या प्रार्थनालयांवर थेट झाला. सामूहिक प्रार्थनेसाठी 'मिन्यान', म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. गावात दोन-चार कुटुंबे उरली की हा आकडा जमवणे कठीण होते. म्हणून सणाला मुंबई-ठाण्याहून येणारे आप्त आणि इस्रायलहून मूळ गाव पाहायला येणारी कुटुंबे यांना येथे मोठे महत्त्व आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने समाजाच्या संस्थांना आधार मिळाला. मिन्यान मात्र माणसांनीच भरावे लागते.