दुपार कोणाची?

निसर्गाच्या लयीत जगण्याचा सल्ला आता विकत मिळतो. पहाटे उठवणारे अ‍ॅप, सूर्यास्तापूर्वी जेवायला लावणारा आहारतज्ज्ञ, चंद्राच्या कलांप्रमाणे उपवास आखून देणारे वर्ग, जंगलाच्या कडेला नेऊन ‘स्वतःच्या शरीराचे ऐका’ म्हणून सांगणारी शिबिरे. यातले बरेचसे चुकीचे नाही. आत्म्याच्या नावाखाली देहाला तुच्छ लेखण्यापेक्षा देहालाच साधनेची जागा मानणारा हा विचार केव्हाही निरोगी. अडचण वेगळी आहे. हे सगळे सल्ले ज्याला दिले जातात तो माणूस स्वतःच्या वेळेचा मालक आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवर उभे राहिले की हे गृहीतक किती लोकांना लागू पडते ते दिसते. दुकानदार कूलरसमोर सरकलेला असतो, गिऱ्हाईक नसते. हातगाडीवाला, हमाल, डोक्याला दुपट्टा गुंडाळून जेवणाची पाकिटे पोचवणारा मुलगा, चौकातला वाहतूक पोलीस आणि कुठेतरी काँक्रीट ओतणारी टोळी मात्र उन्हातच असते. ऊन काय असते हे त्यांना शिबिरात जाऊन शिकायचे नाही. माझे म्हणणे असे, की लयीत जगणे ही एकट्याची साधना म्हणून फारशी कधी टिकलीच नाही. ती टिकली ती सर्वांनी मिळून पाळायचे वेळापत्रक म्हणून, आणि त्या वेळापत्रकाचा रोख दमलेल्या देहाला वाचवण्याकडे होता. नागपुरात त्याची परीक्षा उन्हाळ्यातल्या बारा ते चार या वेळेत व्हायला हवी.

शरीराला घड्याळ असते हे आता श्रद्धेवर सोडायचे कारण नाही. २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना मिळाले ते फळमाशीतल्या अशाच घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल. माणसातही मेंदूतले एक छोटेसे केंद्र डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर झोप, भूक, शरीराचे तापमान आणि संप्रेरके यांची वेळ लावते. ती वेळ वर्षानुवर्षे उलटी फिरवली तर काय होते याचा अंदाज घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. उष्णतेचे गणित त्याहून सोपे. देह सदतीस अंशांच्या आसपास राहण्यासाठी घामावर अवलंबून असतो. बाहेरची हवा त्वचेहून गरम झाली की घाम वाळणे एवढाच मार्ग उरतो आणि कष्टाचे काम करणाऱ्याचे शरीर आतूनही उष्णता तयार करत असते. नागपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे साडेतीन अंश पश्चिमेला असल्याने मे महिन्यात इथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून गेल्यावर दहाएक मिनिटांनी, आणि हवा सर्वात जास्त तापते ती त्यानंतर तीन-चार तासांनी. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने छप्पन अंश दाखवले आणि हवामान खात्याला ती यंत्रातली चूक असल्याचा खुलासा करावा लागला. नागपूरकरांनी तो आकडा बघता बघता खरा मानला, यातही थोडे काही कळतेच.

सदर ही या चर्चेसाठी चांगली जागा आहे. रेसिडेन्सी आणि छावणी यांच्या आधाराने वाढलेला हा बाजार. ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही दोन्ही कॅथेड्रल याच भागात, मशिदी, देवळे आणि विहार हाकेच्या अंतरावर, आणि मंगळवारी बाजारही इथलाच. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशी वारांची नावे वस्त्यांना देणाऱ्या शहरात वेळ ही सार्वजनिक गोष्ट होती, हे नकाशावरच लिहिलेले आहे. इथे शेजारी शेजारी चालणारी पंचांगे पाहा. सौर वर्षाशी चांद्र महिन्यांचा मेळ राहावा म्हणून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. ईस्टर एकवीस मार्चनंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१९ मध्ये तो ऐन मे महिन्यात होता. इथवर हे फक्त खगोलशास्त्र झाले. मला महत्त्वाचे वाटते ते या पंचांगांतून देहाला मिळणारे संरक्षण. रोजा कडक असतो, पण आजारी आणि प्रवासी माणसाने तो पुढे कधीतरी भरून काढावा अशी सवलत खुद्द कुराणात आहे, आणि तो सोडायची वेळ सर्वांची एकच. भिक्खूंचा वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत का, याचे विनयपिटकातले कारण आजही वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू कोवळी रोपे आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे थांबायचे ते आपल्या मनःशांतीसाठी कमी आणि पायाखाली येणाऱ्यांसाठी जास्त. जैन मुनींच्या चातुर्मासामागेही हाच विचार. पोळ्याला बैल जुंपायचा नाही हा नियम विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी कायदा करून शिकवला नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान करायचा तोही वैशाखातच, जेव्हा घोटभर पाण्याला किंमत असते. रस्त्यावरची पाणपोई त्याच पुण्यकल्पनेतून आली. या प्रत्येक उदाहरणात ऋतू आहे, देह आहे आणि तो देह बहुतेक वेळा दुसऱ्याचा आहे.

विदर्भाच्या संतपरंपरेत तर हे फारच स्पष्ट होते. गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात खराटा घेत. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास बैलांशिवाय केवळ हातांच्या बळावर शेती करण्याचा प्रयोग केला, त्याला ‘ऋषिशेती’ म्हटले आणि स्वतः कुदळ मारली. तुकडोजी महाराजांनी पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव लावून दिली. सूर्य उगवण्या-मावळण्याच्या वेळा त्यांनी निवडल्या, पण ‘सामुदायिक’ हा शब्द सोडला नाही. यांच्यापैकी कुणालाही देहाचे अध्यात्म म्हणजे स्वतःच्या झोपेचा आलेख सुधारणे असे वाटले असते, याची मी कल्पना करू शकत नाही.

तरीही संतांच्या उदाहरणांवर भागवणे सोपे आहे. त्यांना आपण हार घालतो आणि पुढे जातो. नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण अधिक कामाचे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले हे कार्यकर्ते १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी करत होते. मालकांपुढे मांडलेल्या मुद्द्यांत एक असा होता, की रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळाला पाहिजे. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मिळाली. आज घरोघरी उशिरा उठण्याचा हक्क देणारा रविवार असा आला. त्यात एक देव आहे, एक थकलेले शरीर आहे आणि एक वाटाघाट आहे; तिसरी गोष्ट काढून टाकली असती तर पहिल्या दोन्हींचा गिरणीच्या भोंग्यावर काहीही परिणाम झाला नसता. लय पाळणे ज्यांच्या हातात नव्हते त्यांना ती मिळवून देण्याची ही रीत आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती पूर्णपणे आपली आहे.

आजच्या नागपुरात त्या रीतीच्या खुणा अगदीच नाहीत असे नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर तीन वर्षांनी नागपूरनेही केला. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. राज्याच्या एकसारख्या वेळापत्रकाला इथल्या सूर्याने पाडलेली ही खिंड बरीच जुनी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला तो लहान मुलांच्या झोपेचे कारण देऊन. उन्हाळ्यातल्या विदर्भाला हा आदेश उलटाच पडतो, कारण इथे एप्रिलात शाळा सकाळी लवकर भरून दहा-साडेदहाला सुटण्यातच शहाणपण. त्यामुळे पुढच्याच वर्षी परीक्षा एप्रिलच्या अखेरपर्यंत लांबवणारे एकच वेळापत्रक साऱ्या राज्यासाठी आले तेव्हा इथले पालक चिडले ते योग्यच होते. झोपेची लय मुंबईत बसून ठरली आणि उन्हाची विसरली गेली. पण मुलांसाठी निदान भांडायला पालक आहेत. बांधकामावरच्या मजुरासाठी आराखड्यात असते ती सूचना: दुपारी बारा ते चार उन्हातले काम टाळावे. ती कोणी पाळायची, न पाळल्यास काय, आणि त्या चार तासांची मजुरी कोण देणार, याबद्दल सूचना गप्प.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जुन्या लयीचे एवढे गोडवे गाऊ नका. तो आक्षेप मला निम्म्याहून अधिक मान्य आहे. पहाटेच्या जात्यावर बसणारी बाई निसर्गाशी तादात्म्य पावण्यासाठी उठत नव्हती, दिवसाचे पीठ दळल्याशिवाय चूल पेटत नव्हती म्हणून उठत होती. कुणी कधी विहिरीवर यायचे, कुणाची सावली कधी पडू द्यायची, हेही गावाने वेळेत बांधलेले होते आणि त्या बंधनाला निसर्गाचे नाव देण्याची सोय धर्माने केली होती. नागपुरातच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी तो धर्म सोडला. विजेच्या दिव्याने मुलींना रात्री अभ्यासाला वेळ दिला, पिठाच्या गिरणीने बायकांना पहाट परत दिली, आणि हे दोन्ही ‘नैसर्गिक’ नव्हते. तेव्हा जुने जीवन परत आणा असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. जुन्यातून घ्यायचे ते काय, याची कसोटी मात्र यातूनच मिळते: ज्या नियमाने कष्टकऱ्याच्या वाट्याला विश्रांती आली तो ठेवायचा, ज्याने फक्त त्याचे कष्ट पवित्र ठरवले तो टाकायचा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दुपारी काम बंद ठेवले तर रोजंदारीवाल्याचेच पोट मारले जाईल. हे खरे ठरेल, जर तास कापले तर. तास हलवता येतात. मेमध्ये नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. सकाळी सहा ते अकरा आणि सायंकाळी साडेचार ते साडेसात अशी विभागणी केली तर आठ तास भरतात. मधला वेळ मजुराला घरी जाता येत नाही म्हणून जड जातो, तेव्हा जागेवर सावली आणि पाणी देणे ठेकेदारावर बंधनकारक करावे लागेल. हे अशक्य वाटणाऱ्यांनी आखाती देशांकडे पाहावे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते, कतारने २०२१ पासून हीच बंदी सकाळी दहा ते साडेतीन अशी लांबवली. परदेशी मजुरांवरील मायेसाठी हे देश प्रसिद्ध नाहीत, आणि त्यांचे मनोरे उभे राहायचे थांबलेले नाहीत. वातानुकूलन हा उपाय म्हणून पुढे केला जातो. रुग्णालयात आणि म्हाताऱ्यांच्या खोलीत तो हवाच. पण एसी आतली उष्णता बाहेर फेकतो, आणि बाहेर ती ज्याच्या अंगावर पडते तो तोच हातगाडीवाला असतो.

तिसरा आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो: साधनेला कामगार कायद्यात का ओढता? लोखंड्यांनी खंडोबाला मालकांच्या मेजावर नेले तेव्हाही हे कुणीतरी म्हटले असेलच. मला उलट वाटते, की धर्मसंस्थांनी या बाबतीत मागे राहणे त्यांनाच महागात पडते. देहाच्या लयीची पुस्तके वाचणारा भक्त रात्री अकरापर्यंत डीजे सहन करतो आणि त्याचा शेजारी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. शांत झोप हा ज्यांच्या प्रवचनाचा विषय आहे त्यांनी आपल्या भोंग्यांपासून सुरुवात केली तर कुणाचीही हरकत नसावी.

आणि सदरपुरते बोलायचे तर करण्यासारखे काम अवघड नाही. इथल्या चर्चना आवारे आहेत, झाडे आहेत. मशिदींत वजूसाठी पाणी आणि सावलीचे हौद-ओटे आहेत. देवळांना सभामंडप आणि विहारांना सभागृहे आहेत. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंत दुपारी बारा ते चार या जागा कुठलीही विचारपूस न करता पाठ टेकायला उघड्या ठेवता येतील. पाणी, स्वच्छतागृह आणि एक पंखा, एवढेच लागेल. महापालिकेने आराखड्यातल्या सूचनेला बांधकाम परवान्याची अट करावी, आणि व्यापारी संघटनांनी दुपारी तसाही रिकामा असणारा बाजार उघडपणे बंद ठेवून संध्याकाळी उशिरापर्यंत चालवावा, म्हणजे काउंटरवरच्या पोरांनाही दोन तास मिळतील. जेवणाच्या ऑर्डरचे काय, असा प्रश्न मग उरतोच. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बिर्याणी घरपोच हवी असेल तर ती आणणाऱ्याला त्या वेळेचा वेगळा दर मिळाला पाहिजे, आणि नको म्हणण्याचा अधिकारही. तो नको म्हणाला म्हणून त्याचे मानांकन घसरणार नाही, हे कंपन्यांकडून लिहून घेण्याचे काम सरकारचे.