सोलापूर: थांबा नव्हे, मुक्काम

पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या प्रवाशांना सोलापूर म्हणजे चहापुरता थांबा. पण इथे मुक्काम केला तर शहरातच भुईकोट किल्ला आणि तळ्यातले सिद्धेश्वर मंदिर आहे. भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. माचणूरला भीमेकाठी औरंगजेबाच्या छावणीचा किल्ला आहे. पलीकडे नळदुर्गात बोरी नदीवर आदिलशाहीतला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळते, पण त्याच्या पोटातला महाल कोरडाच राहतो!

या अंकात हीच भटकंती आहे. पर्यटनासाठी नवे पुतळे आणि उद्याने उभारण्याआधी या जागांना वाटफलक, स्वच्छतागृहे आणि जाणकार वाटाडे द्यावेत, असे आमचे मत आहे. तोवर वाचकहो, एक रविवार या वाटांसाठी राखून ठेवा.